नेजाच्या कोंबड्या

"बुधवार, ९ एप्रिल १९५८. सकाळी धुके, दहानंतर ऊन. छपरावरचा बर्फ दिवसभर गळत होता. ट्यूब क्रमांक ११२ ला आज आठ आठवडे पूर्ण. काहीही उगवलेले नाही. देवाचे आभार. ब्रेदाच्या पांढऱ्या एप्रनला बटणे लावली, चार. ईस्टरच्या अक्रोडाच्या पोतित्सा-केकचा शेवटचा तुकडा दोघींनी वाटून खाल्ला. तेता नेजाने चाळीस अंडी आणून दिली."

हर्मिना झुपान्त्सने एवढे लिहून टीपकागद दाबला आणि वही मिटली. मठाच्या शाळेत बाराव्या वर्षी सिस्टर बेनिग्नाने हातात पहिली वही दिली होती, तेव्हापासून एकही दिवस कोरा गेला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने हवा आणि जेवण लिहून ठेवले होते. "जे दिसलं ते लिही," सिस्टर बेनिग्ना म्हणायची, "जे दिसायला हवं होतं ते नको." त्यामुळे 'देवाचे आभार' हे दोन शब्द लिहिताना हर्मिनाचा हात जरासा अडखळला होता. तसे काही ती सहसा लिहीत नसे. पण ११२ क्रमांक तिच्या मुलीचा होता.

येलोव्हनिकच्या क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये ती पहिल्यांदा आली ती रोग्याची बायको म्हणून. आंतोन तिसऱ्या मजल्यावर सात महिने होता आणि सत्तेचाळीसच्या शरदात तिथेच गेला. आठ वर्षांची ब्रेदा पदरात होती. डॉक्टर कोगोय यांनी तिला प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला ठेवून घेतले. काचा धुता धुता, त्या काचांवर काय असते ते ती शिकली. अकरा वर्षांत डॉक्टर स्वतः भिंगातून बघण्याआधी "हर्मिना काय म्हणते?" असे विचारू लागले होते.

काम तसे साधेच. बेडक्यातला घट्ट पिवळा कण तारेच्या फासाने उचलायचा, काचेवर पसरायचा, सुकवायचा. त्यावर लाल रंग ओतून खालून ज्योत धरायची, वाफ येईपर्यंत, उकळू द्यायचे नाही. मग आम्लाने धुवायचे. बाकी सगळे आपला लाल रंग सोडून देतात, क्षयाचा जंतू तेवढा सोडत नाही. शेवटी निळा रंग. भिंगाखाली निळ्या पसाऱ्यात लाल काड्या दिसल्या की निकाल झाला. पण हे खरे कधी, तर रोग्याच्या बेडक्यात हजारोंनी जंतू असले तर. ज्याच्या छातीत थोडेच दडून बसलेत, त्याची काच निळीच राहते आणि तो माणूस हसत घरी जातो.

अशांसाठी अंडी लागत. ताजी अंडी साबणाने घासून, स्पिरिटमध्ये बुडवून, निर्जंतुक भांड्यात फोडायची. त्यात क्षार, बटाट्याचे पीठ, ग्लिसरीन, आणि इतर किरकोळ जंतूंना मोडता घालणारा एक हिरवा रंग. ते मिश्रण ट्यूबांत भरून, ट्यूबा तिरप्या ठेवून तापवल्या की खरवसासारखे घट्ट होई. त्या फिकट हिरव्या उताराला प्रयोगशाळेत सगळे 'कुरण' म्हणत. बेडका सोड्याने धुऊन कुरणावर टाकायचा, ट्यूब उबपेटीत ठेवायची आणि वाट बघायची. हा जंतू आळशी. तीन आठवडे, पाच आठवडे, कधी सात. मग पावाच्या चुऱ्यासारखे खडबडीत, मळकट पिवळे कण दिसू लागतात. आठ आठवड्यांत काही दिसले नाही, तर नाही.

जानेवारीत क्ष-किरणांची मोटार शाळेच्या अंगणात आली होती. ब्रेदाच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली हेझलनटएवढी सावली निघाली. लहानपणी बाप घरात खोकत होता तेव्हाची जुनी, भरून आलेली खूणही असू शकत होती. किंवा जिवंत काही. पोरीला ताप नाही, खोकला नावाला. काचा तिन्ही निळ्या. "कुरणावर टाकू," डॉक्टर कोगोय म्हणाले. "आठ आठवडे. तोवर मुलांजवळ जायचं नाही." कारण ब्रेदाने बालवाडी-शिक्षिकेचे शिक्षण पुरे केले होते आणि खालच्या गावात बत्तीस मुले तिची वाट बघत होती.

ते आठ आठवडे हर्मिनाने कसे काढले ते तिचे तिला ठाऊक. ब्रेदाचा कप ती न बोलता वेगळा उकळायची. दर बुधवारी ११२ खिडकीशी धरताना ती आधी डोळे मिटायची आणि मग उघडायची. आता ते संपले होते. सोमवारी, चौदा तारखेला, ब्रेदा कामावर जाणार होती.

गुरुवारी सकाळी ती रोजच्यासारखी इतर ट्यूबा बघायला बसली. १५८ क्रमांक हातात आला. लोय्झ केपित्स, लाकूडतोड्या, चार मार्चला भरती. त्याची काच तिला चांगली आठवत होती. जिकडे भिंग फिरवावे तिकडे लाल काड्या, मोजायच्या तरी किती. आणि ती काच औषधाची पहिली गोळी घेण्याआधीची होती. आज पाच आठवडे झाले होते. कुरण कसे धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ होते.

हर्मिनाने ट्यूब खाली ठेवली, पुन्हा उचलली, खालचा क्रमांक वाचला. १५८.

औषध चालू असलेल्या माणसाचे मेलेले जंतू काचेवर दिसतात आणि कुरणावर उगवत नाहीत, हे खरे. पण केपित्सने तेव्हा औषध घेतलेच नव्हते. तिने नोंदवही ओढली आणि मागे मागे जाऊ लागली. मार्चमध्ये जे जे उगवले होते, ते सगळे जानेवारीत लावलेले निघाले. जानेवारीच्या चाळीसांपैकी अकरा. पाच फेब्रुवारीपासून लावलेले नमुने त्रेसष्ट. त्यातला एकही नाही. उशिरा उगवणाऱ्या जुन्या ट्यूबांच्या आड नव्यांचे रितेपण लपून गेले होते. गेल्याच पंधरवड्यात डॉक्टरांनी जिल्ह्याच्या सभेत रोगाचा हा उतरता आकडा वाचून दाखवला होता आणि म्हणे टाळ्या पडल्या होत्या.

त्रेसष्टांत एकही नाही, आणि त्या त्रेसष्टांत ११२.

दिवसभर ती एकेक गोष्ट तपासत राहिली, आणि दर वेळी मनातल्या मनात म्हणत राहिली की दोष इथेच सापडू दे आणि तो लहान असू दे. सोडा जास्त कडक झाला का? नाही. उबपेटीचा तापमापक खोटे सांगतो का? दुसरा लावून पाहिला, दोन्ही सदतीस. हिरवा रंग जास्त पडला का? वजनाची चिठ्ठी बरोबर होती. क्षार त्याच बरणीतले, पीठ त्याच पिशवीतले. बदलले होते ते काय, हे मात्र नोंदवहीत नव्हते. तिथे नुसते 'अंडी, १२' एवढेच असे.

ते तिच्या घरच्या वहीत होते. संध्याकाळी कोट न काढताच तिने फेब्रुवारीचे पान उघडले. "सोमवार, ३ फेब्रुवारी. रात्रभर बर्फ. सहकारी शेतीची गाडी वर आली नाही. तेता नेजाकडून तीस अंडी घेतली, प्रयोगशाळेला आणि घरी. बलक केशरी, सुरेख." आणि त्यानंतर सहकारी शेतीची अंडी तिने पुन्हा घेतलीच नव्हती. ती शिळी असत. शिवाय तिथे कोंबड्यांच्या खाण्यात कसली तरी भुकटी मिसळतात असे तिने ऐकले होते आणि तसल्या अंड्यांवर तिचा विश्वास नव्हता. नेजाची घरची, मोकळी हिंडणारी कोंबडी बरी, असे तिनेच डॉक्टरांना सांगितले होते. तिनेच.

नेजा सॅनिटोरियमच्या धुलाईघरात होती. साठी उलटलेली, एकटी, हात सोड्याने कायमचे लाल. सगळे गाव तिला तेता, म्हणजे मावशी म्हणायचे, आणि ती हर्मिनाला गोस्पा, म्हणजे बाई. शुक्रवारी दुपारी हर्मिना तिच्या परसात गेली, तेव्हा ती उलट्या बादलीवर बसून बटाटे सोलत होती.

"ये गं गोस्पा! परवाच तर चाळीस दिली, संपलीसुद्धा? तुझ्या त्या जंतूंना भूक फार बाई. पोसतेस तरी कशाला मेल्यांना?"

"तेता नेजा, कोंबड्यांना काय घालता तुम्ही?"

"काय घालणार? कोंडा, मका, ही सालं. का गं? अंडं नासकं निघालं एखादं?"

"नाही. अजून काही घालता?"

नेजाची सुरी थांबली. तिने एप्रनला हात पुसले, उगाचच दोनदा. "कुणी चुगली केली? स्वयंपाकघरातल्या त्या लांबनाकीनं ना?"

"कुणी नाही केली. मी विचारतेय."

नेजा उठून आत गेली आणि चिकोरीच्या कॉफीचा पत्र्याचा डबा घेऊन आली. तो तिने हर्मिनाच्या कानाशी हलवला. आत बारीक खडे वाजल्यासारखे झाले. झाकण काढले, तर अर्धा डबा पांढऱ्या गोळ्या. काही अख्ख्या, काही थुंकी लागून विरघळलेल्या आणि पुन्हा वाळलेल्या. हर्मिनाला त्या ओळखायला भिंग लागले नाही. वरच्या मजल्यांवर दिवसातून तीनदा ट्रेमधून फिरायच्या त्याच.

"उशीच्या खोळीत सापडतात," नेजा म्हणाली. "पायजम्याच्या खिशात, मोज्यात. पुरुषांची जात! नर्स पुढ्यात उभी असते तोवर जिभेखाली धरायची, ती वळली की थू, उशीत. म्हणे पोटात ढवळतं. मी काय फेकून देऊ एवढं औषध? नाताळच्या वेळी माझ्या तीन कोंबड्या घरघर करून मेल्या. म्हटलं, माणसाच्या छातीला चालतं ते कोंबडीच्या छातीला का नाही चालणार? कुटायच्या आणि कोंड्यात कालवायच्या. तेव्हापासून बघ, एक तरी शिंकते का?"

हर्मिनाने बघितले. नऊ कोंबड्या चिखलात टोचत फिरत होत्या. तुरे लालभडक, पिसे तेल लावल्यासारखी चमकत होती. इतक्या धडधाकट कोंबड्या तिने त्या खोऱ्यात कधी पाहिल्या नव्हत्या. ती बादलीवर बसली.

"तेता, ते औषध अंड्यात उतरलंय."

"मग बरंच झालं की! खाणाऱ्याला फुकटात." नेजा हसली, आणि हर्मिनाचा चेहरा बघून हसायची थांबली. "म्हणजे तुझे ते नळीतले जंतू... मेले?"

"मेले असते तर काय हवं होतं? माझ्या नळीत उगवले नाहीत, एवढंच. माणसांच्या छातीत आहेत तिथे आहेत. आणि मी सगळ्यांना लिहून दिलंय, काही नाही म्हणून."

डब्याचे झाकण लावायला नेजाला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग हळूच म्हणाली, "आणि ब्रेदा?"

११२ नंबर कुणाचा ते धुलाईघरालाही माहीत होते.

"ब्रेदाचं मला काही माहीत नाही," हर्मिना म्हणाली.

"मला पकडून नेतील का गं?"

"कोंबड्यांना औषध दिलं म्हणून? नाही नेणार."

"तुला सांगते, मी हा डबा आत्ता ओढ्यात ओतते. तू दुसरीकडून अंडी घे. कुणाला कळायचं कारण नाही. पोरगी सोमवारी जातेय ना कामावर? एप्रन शिवलास तू."

चढावर परतताना हर्मिनाला नेजाचे शब्द सोडेनात. खरेच कुणाला कळायचे कारण नव्हते. अंडी बदलायची, बस. केपित्सबद्दल, नमुना नीट नव्हता, असे म्हणता आले असते. आणि ब्रेदाच्या छातीत कदाचित काहीच नसेल. कदाचित ती सावली जुनीच असेल. दहातल्या किती सावल्या जुन्या निघतात? सहा? सात? ती चालता चालता आकडे मांडत होती आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी आंतोन दिसत होता, उशीला टेकून, हातरुमाल मुठीत दडवणारा. तो शेवटपर्यंत म्हणत होता, जुनंच आहे गं, जुनंच आहे.

घरी ब्रेदा टेबलभर रंगीत कागद पसरून बसली होती.

"आई, ही बदकं बघ. बत्तीस कापायचीत, प्रत्येकाला एक. ह्याची मान वाकडी झाली, हे एखाद्या रडूबाईला देईन."

"ब्रेदा, कात्री खाली ठेव."

तिने सगळे सांगितले. अंडी, गोळ्या, त्रेसष्ट. ब्रेदा ऐकत होती आणि तिचे बोट बदकाच्या वाकड्या मानेवरून फिरत होते.

"म्हणजे मी आजारी आहे."

"माहीत नाही."

"परवा माहीत होतं! परवा सगळं चेहऱ्यावर लिहिलं होतं तुझ्या."

"परवा मला चुकीचं माहीत होतं."

"वा! दुसऱ्यांच्या आया पोरगी बरी निघाली म्हणून केक करतात. माझी आई जाऊन कोंबड्यांची साक्ष काढते." ब्रेदाचा आवाज चिरकला. "जाऊ दे ना मला सोमवारी. तू लाव तुझी कुरणं नव्यानं. काही आलंच तर त्या दिवशी सोडेन मी."

"आठ आठवडे. बत्तीस मुलं. तू खाली वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधणार, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन."

"मी खोकत नाही!"

"बाबाही खोकत नव्हते, पहिल्या वर्षी."

ब्रेदाने कागद गोळा केले. दाराशी जाऊन म्हणाली, "तुझ्या जागी दुसरी कुणी त्या खोलीत असती ना..."

"तर तू सोमवारी गेली असतीस," हर्मिना म्हणाली. "हो."

शनिवारी सकाळी ती डॉक्टर कोगोय यांच्या दारात उभी राहिली. हातात नावांची यादी होती, स्वच्छ अक्षरात, दोन प्रतींत. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकले, चष्मा काढला, डोळे चोळले.

"त्रेसष्ट, गोस्पा हर्मिना. त्यातले चौदा घरी गेलेत माझ्या सहीने."

"त्यांचे पत्ते मागच्या बाजूला आहेत."

"मी सभेत उभा राहून सांगितलं की येलोव्हनिकमध्ये क्षय हटतोय. आता पुन्हा उभं राहून काय सांगू? कोंबड्यांनी हटवला?" ते हसले, पण त्या हसण्यात काही दम नव्हता. "आणि उशांतल्या गोळ्या! म्हणजे औषध लागू पडत नाही म्हणून मी ज्यांचा डोस वाढवला, ते मुळात गिळतच नव्हते." त्यांनी यादी जवळ ओढली. मग वर न बघता विचारले, "एकशे बारा?"

"यादीत पहिलं आहे, डॉक्टर."

"दिसलं. उद्या रविवार आहे. तुम्ही सोमवारी आला असतात तरी चाललं असतं."

"सोमवारी नसतं चाललं," हर्मिना म्हणाली.

डॉक्टरांनी बालवाडीला फोन लावला. ते बोलत असताना ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली. खालच्या गच्चीवर घोंगड्या पांघरून रोगी ओळीने पडले होते, आणि त्यांच्यातला कोण गिळतो आणि कोण थुंकतो हे वरून काही कळत नव्हते.

नवी अंडी तिने शेजारच्या खोऱ्यातून, भावाच्या शेतावरून आणली. कोंबड्या काय खातात ते स्वतः खुराड्यापाशी उभे राहून पाहिले. बसमध्ये टोपली मांडीवर धरून दोन तास बसली. जुन्या कुरणाच्या उरलेल्या ट्यूबांपैकी सहा तिने बाजूला ठेवल्या. जानेवारीत लावून उगवलेल्या एका ट्यूबमधले कण घेऊन ते तिने दोन्ही कुरणांवर टाकले, नेजाच्या अंड्यांच्या आणि भावाच्या. घरात अंडे कुणाचे खायचे हा प्रश्नच उरला नव्हता. दोघीही ओटचे पाणचट सूप पीत होत्या आणि फारसे बोलत नव्हत्या.

ब्रेदाला बेडका जेमतेम पडत असे. त्यामुळे या वेळी डॉक्टरांनी पोट धुवायला सांगितले. झोपेत छातीतले जे गिळले जाते ते सकाळी उपाशीपोटी नळी घालून काढायचे, सलग तीन दिवस. बुधवारी, सोळा तारखेला, पहिल्या सकाळी नर्सने रबरी नळी ओली करून पुढे केली. ब्रेदाने तोंड उघडले. नळी घशात उतरली तसे तिचे डोळे पाण्याने भरले, मान मागे गेली, आणि तिने आईचे मनगट धरले. हर्मिनाच्या दुसऱ्या हातात भांडे होते. ते सांडू नये म्हणून ती अजिबात हलली नाही. नखे रुतली तरी नाही.

नळी बाहेर आल्यावर ब्रेदा धापा टाकत म्हणाली, "उद्या निदान मीठ तरी लाव हिला." गेल्या पाच दिवसांतले आईशी बोललेले हे तिचे पहिले वाक्य होते.

२४१, २४२, २४३. हर्मिनाने क्रमांक लिहिले, नाव लिहिले, ट्यूबा उबपेटीत ठेवल्या.

दोन मे रोजी भावाच्या अंड्यांच्या कुरणावर जानेवारीतले कण चुऱ्यासारखे पसरले. नेजाच्या कुरणावर काही नव्हते. ट्यूबा शेजारी शेजारी ठेवून तिने डॉक्टरांना दाखवल्या. ते फक्त "हं" म्हणाले. तोवर हर्मिनाच्या मनात कुठेतरी अशी एक आशा होती की आपलेच काही चुकले असेल, आपण उगाच गहजब केला असेल. ती आता गेली. आणि त्या दिवसापासून भीती तिच्याबरोबर चालू लागली. सकाळी चढावर ती तिच्या पुढे असायची, दुपारी भिंगाच्या खुर्चीत तिच्या आधी बसलेली असायची. घरी गेलेल्या चौदांपैकी दोघांना परत आणले होते. त्यातला एक, पोस्टमन, जिन्यात तिला बघून टोपी काढायचा. तिला वाटायचे त्याने न काढली तर बरे.

घरी ब्रेदा खोकली की हर्मिना हातातले काम थांबवायची. खोकली नाही की जास्तच थांबायची. तिने जेवणानंतर ब्रेदाच्या ताटातले उरलेले मोजायला सुरुवात केली आणि वहीत लिहायला. "बटाटा अर्धा टाकला." "सूप संपवले." एकदा ब्रेदाने ताट तिच्यापुढे सरकवले. "घे, लिही. तीन दाणे वाटाण्याचे. एक जरा सुरकुतलेला." दोघीही हसल्या, आणि हसता हसता ब्रेदाला खोकला आला.

एकवीस मे, बुधवार. पाच आठवडे. हर्मिनाने २४१ खिडकीशी धरली. काही नाही. २४२ धरली.

उताराच्या खालच्या बाजूला, काचेला लागून, दोन ठिपके होते.

तिने डोळे मिटले आणि उघडले. पाण्याचा थेंब असेल. ट्यूब कलती केली. थेंब असता तर सरकला असता. हातभिंग आणले. मळकट पिवळे, कोरडे, कडा खडबडीत. सिस्टर बेनिग्ना मनात काही बोलली नाही. तिला काही बोलायचे कारणच नव्हते. हर्मिनाने आधी नोंदवहीत लिहिले, '२४२, दोन कण', वेळ लिहिली, नऊ वाजून दहा मिनिटे, आणि मग तार ज्योतीत लाल केली.

एक कण काचेवर पसरला. लाल रंग ओतला. ज्योत खालून फिरवताना वाफ आली. आम्ल. पाणी. निळा रंग. पाणी. सुकायला लागतात ती मिनिटे. भिंगावर वाकताना तिला चष्म्याची काच पुसावी लागली, दोनदा.

लाल काड्या एकमेकींना चिकटून दोरीसारख्या वळलेल्या होत्या. दुसरे काही असूच शकत नव्हते.

ती तशीच बसून राहिली. ब्रेदा कामावर गेली असती त्या चौदा एप्रिलपासून सदतीस दिवस झाले होते. बत्तीस मुले, सदतीस दिवस, बुटांच्या नाड्या. त्यांच्यातल्या एकाचेही नाव तिला माहीत नव्हते, आणि माहीत नव्हते याचे तिला बरे वाटले.

डॉक्टर कोगोय बराच वेळ भिंगात बघत होते. "थोडे आहेत," ते म्हणाले. "लवकर सापडलं. आंतोनच्या वेळी आपल्याकडे हे औषध नव्हतं, गोस्पा हर्मिना. आज आहे. फक्त गिळायला हवं."

"गिळेल."

"दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट रिकामी आहे. दुपारी घेऊन या."

ब्रेदाने ऐकले आणि खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "किती?"

"दोन कण."

"दोनच? एवढ्या सगळ्या गोंधळाला दोनच?" मग तिने तोंड हातात लपवले, आणि हर्मिना तिच्या पाठीशी उभी राहिली, हात तिच्या खांद्यांवर ठेवून. बऱ्याच वेळाने ब्रेदा हातांतूनच बोलली. "मला भीती वाटते, आई."

"मलाही," हर्मिना म्हणाली. एवढ्या आठवड्यांत हे ती पहिल्यांदाच कुणाला सांगत होती.

दुपारी दोघी पिशवी घेऊन वर गेल्या. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात नेजा धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन उभी होती. आता उशांतल्या सगळ्या गोळ्या ती मोजून नर्सकडे देत असे, खाटेच्या नंबरासकट, आणि त्यामुळे पुरुषांच्या मजल्यावर तिला सगळे शिव्या घालत. तिने ब्रेदाकडे बघितले, पिशवीकडे बघितले. मग आवाज तिने ठणठणीत काढला.

"कितवी खाट गं?"

"सात, तेता."

"सात. लक्षात ठेवते. रोज सकाळी उशीची खोळ मी स्वतः उलटी करणार हं. एक जरी गोळी सापडली ना, तर त्या नर्सला नाही सांगणार. तुझ्या आईला सांगेन."

"आणि कोंबड्या?" ब्रेदाने विचारले.

"त्या? त्यांचं आता त्या बघतील. परवा एक शिंकली." नेजाने चादरी छातीशी घट्ट धरल्या आणि धुलाईघराकडे निघाली.

हर्मिनाने ब्रेदाचे कपडे कपाटात लावले, पहिली गोळी ब्रेदाने पाण्याबरोबर गिळली ते पाहिले, तोंड उघडायला लावून पुन्हा पाहिले. मग घरी आली. एप्रन खुंटीवरून काढून घडी घालून खणात ठेवला. संध्याकाळी टेबलाशी बसून तिने वही उघडली. हवा लिहिली, क्रमांक लिहिला, दोन कण लिहिले, खाटेचा नंबर लिहिला. टीपकागद दाबला. आणि मग आठवण झाली म्हणून खाली आणखी एक ओळ घातली.

"उद्यापासून दूध एक लिटरऐवजी अर्धा लिटर सांगितले."